दोन प्रयोगांच्या मधे : नाटकवाल्यांनो, तुमचंही लिहा

डावी_विंग :

परवा पुण्याहून परत येताना खालापूरच्या टोलनाक्यावर आमच्या शेजारच्या रांगेत नाटकाची बस उभी होती. पुढच्या काचेवर पाटी, खिडक्यांना ते नेहमीचे कळकट पडदे, आणि एका खिडकीत हँगरला लटकवलेली साडी. नवऱ्याला म्हटलं, यांचा दुपारचा प्रयोग झालाय आणि रात्री मुंबईत दुसरा आहे. तो म्हणाला, तुला काय माहीत? अरे, साडी घामाने ओली आहे. रात्रीच्या आधी वाळायला नको का!

मी अकरा वर्षं व्यावसायिक नाटकात होते. सोडलं त्यालाही आता बरीच वर्षं झाली. लोक भूमिकांचं विचारतात, टाळ्यांचं विचारतात. खरं सांगायचं तर मला प्रयोग फारसे आठवतच नाहीत, एकात एक मिसळून गेलेत. मधलं सगळं मात्र लख्ख आठवतं. शनिवार-रविवारी दुपारी चारला पार्ल्याचं दीनानाथ, रात्री साडेआठला ठाण्याचं गडकरी. पावणेसातला पडदा पडायचा. भेटायला आलेल्यांशी हसत बोलायचं आणि डोळा घड्याळाकडे. मेकअप उतरवायचा नाही, त्यावरूनच रात्री हात फिरवायचा. बसमध्ये एक जण घोरतोय, एक जण मालिकेच्या माणसाशी फोनवर तारखांवरून भांडतोय, आणि मी लेकाला फोनवर सतराचा पाढा म्हणायला लावतेय. सतरा सक्के एकशेदोनला रेंज जायची. दर वेळी तिथेच.

एक प्रसंग सांगते. नाटकात मला नकली मंगळसूत्र असायचं. खरं काढून माझ्या मेकअपच्या डब्यात ठेवायचे. एका रविवारी गडकरीचा प्रयोग उशिरा संपला, घाईघाईत आवरलं, रात्री एकला घरी. सकाळी सासूबाई चहा देताना गळ्याकडे बघून म्हणाल्या, "हे कुणाचं गं?" नकली गळ्यात होतं. खरं प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, ट्रंकेत गेलं होतं आणि ट्रंक टेम्पोबरोबर कोल्हापूरच्या वाटेवर. आम्ही कलाकार बुधवारी निघणार. तेव्हा टेम्पोतल्या माणसांकडे मोबाइल नसायचे. तीन दिवस मी घरात पदर लपेटून वावरले.

कोल्हापूरला बसमधून उतरले तर आमचे बॅकस्टेजचे दादा समोर उभे. शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, माझ्या हातावर ठेवली. "ताई, तुमची प्रॉपर्टी." एवढंच बोलले आणि सेट लावायला गेले. तीन दिवस तो शर्ट त्यांनी बदललेला नव्हता.

तुमचंही येऊ द्या.

---

तिसरी_घंटा :

ती शर्टाची ओळ वाचून गप्प झालो.

---

खिळे_हातोडी :

ताई नमस्कार. आम्ही त्याच जमातीतले. तुम्ही म्हणता पावणेसातला पडदा पडला. तुमचा पडला, आमचा तिथे सुरू होतो. फ्लॅट (सेटच्या भिंती) सोडा, लेव्हल (चौथरे) उचला, सोफा, फोन, फुलदाणी, वायरी गुंडाळा, टेम्पोत कुठली वस्तू आधी कुठली नंतर हे ठरलेलं. उलटं भरलं तर तिकडे उतरवताना बोंब. तुमच्या बसच्या आधी टेम्पो पोचला पाहिजे. निर्मात्याकडे दोन सेट असले तर ठीक, आमच्याकडे एकच होता. सतरा वर्षांत मी दोन प्रयोगांच्या मधे बसून जेवलेलो नाही. वडापाव डाव्या हातात, उजव्या हातात स्पॅनर. प्रयोग चालू असतानाच काय ती झोप. विंगेत गुंडाळलेल्या काळ्या पडद्यावर. ब्लॅकआऊट झाला की आपोआप जाग येते, घड्याळ लागत नाही.

---

आळूवडी :

@खिळे_हातोडी, आमच्या घरी टीव्ही बंद केला की बाबा जागे होतात, तसंच हे.

वड्याचा विषय निघालाच आहे तर शिवाजी मंदिरचा बटाटेवडा. बाकी चर्चा मी नंतर वाचते.

---

पुणेकर_नाही_पण :

बालगंधर्वचा वडा विसरलात वाटतं.

---

आळूवडी :

विसरले नाही. मुद्दाम लिहिला नाही :)

---

उशिराची_लोकल :

मला वडा नको, माझं ऐका. मी नाटकात सात महिन्यांची गरोदर. पोटाच्या पॅडची नाडी तुटली होती म्हणून शिवायला घरी नेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घोडबंदर रोडला मालिकेचं शूट, दुपारी चारला दादरला प्रयोग. शूटवाले "एकच सीन, एकच सीन" करत पॅकअप देईनात. सुटले तेव्हा कळलं की दुसरी घंटा होता होता पोचणार आणि माझी एंट्री पडदा उघडल्यावर तिसऱ्या मिनिटाला. मग काय, तिथल्या बाथरूममध्येच पॅड बांधलं, वरून नाटकातला ड्रेस, रिक्षाने ठाणे स्टेशन, फास्ट लोकल.

लेडीज डब्यात शिरले आणि समुद्र दुभंगावा तशी गर्दी बाजूला झाली. खिडकीची जागा! आयुष्यात पहिल्यांदा! शेजारच्या काकूंनी विचारलं कितवा? तोंडातून आपोआप गेलं "सातवा". रोजचं वाक्य ना. मग मला आवळा सुपारी मिळाली, डाव्या कुशीवर झोपायचा सल्ला मिळाला, घाटकोपरला एका मुलीने पाण्याची बाटली दिली. मी घामाने निथळतेय आणि मनात लाज नुसती.

दादरला उतरले आणि जिना चढून पुलावरून जी धावत सुटले. मागून तीन बायका ओरडतायत, "अगं पळू नकोस! पडशील!!"

---

तिसरी_घंटा :

😂😂 मी बसमध्ये वाचतोय, शेजारचा बघतोय माझ्याकडे.

---

डावी_विंग :

मेले हसून!! काकू नंतर कधी भेटल्या का?

---

उशिराची_लोकल :

नाही गं. पण त्यानंतर त्या लाइनवर मी दोन वर्षं जीव मुठीत धरून प्रवास केला. कुणी "बाळ कसंय" विचारलं तर?

---

कॅशियर_क्र_४ :

आमची पिढी नोकरी सांभाळून नाटक करणारी. बँका, पोर्ट ट्रस्ट, बेस्ट, सगळीकडे नाटकवेडे भरलेले असायचे आणि आंतरबँक स्पर्धांमुळे साहेबही थोडे मऊ. शुक्रवारी ऑफिस सुटलं की बस, रात्री नाशिक, शनिवारी नगर, रविवारी पुण्यात दोन, सोमवारी पहाटे दादरला उतरून घरी अंघोळ आणि दहाला काउंटरवर. एक्सप्रेस वे नव्हता तेव्हाची गोष्ट. बोरघाटात ट्रक आडवा पडला की सोमवार गेलाच. नाटकात मी रोज दुसऱ्या अंकात मृत्युपत्रावर सही करायचो. एका सोमवारी काउंटरवरच्या अकरा व्हाउचरांवर त्या म्हाताऱ्याच्या नावाने सही ठोकली. झोकदार, शेवटी रेघ ओढून. साहेबांनी बोलावलं, व्हाउचरं समोर ठेवली आणि विचारलं, "हे गृहस्थ आपल्या शाखेत कधी रुजू झाले?"

---

पडद्याबाहेरची :

मी नटी नाही, नटाची बायको. चालेल ना?

नवरा कुठे आहे हे आमच्याकडे पेपरातल्या नाटकांच्या जाहिरातींवरून कळायचं. सासूबाई रविवारी सकाळी आधी ते पान काढायच्या, चष्मा लावून बोट फिरवायच्या. "दुपारी कल्याण, रात्री बोरिवली. म्हणजे जेवायला नाही." आणि कणीक कमी भिजवायच्या. मुलगी दुसरीत असताना शाळेत "माझे बाबा" निबंध होता. तिने लिहिलं, माझे बाबा सोमवारी घरी असतात. बाईंनी वहीत लाल पेनाने विचारलं, बाकीचे दिवस? खाली तिने उत्तर लिहिलं, जाहिरात बघावी लागेल.

हसू आलं तेव्हा. त्याने मात्र ते पान फाडून पाकिटात ठेवलं.

---

आळूवडी :

डोळ्यात पाणी आणलंत. मुलगी आता काय करते?

---

पडद्याबाहेरची :

सीए. बाबांचं इन्कम टॅक्स रिटर्न भरते, आणि मालिकेचे पैसे तीन महिन्यांनी का येतात म्हणून त्यालाच ओरडते.

---

वडसा_एक्सप्रेस :

तुमचे शनिवार-रविवार वाचून मौज वाटली. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हंगामात असा वार नसतो. दिवाळी झाली की होळीपर्यंत, रोज नवं गाव. वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं. गावातली मंडळं तिथे येऊन नाटक ठरवतात. दिवसा गावात शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (आमच्याकडची जत्रा), रात्री नाटक. दहाच्या सुमाराला सुरू, पहाटे चार-पाचला संपतं. तीन तासांत आटोपलं तर लोक विचारतील, पैसे अर्धेच घ्या मग. गाणी हवीत, ती समोर बसलेल्या वादकांवर, आणि वन्समोर आला की द्यावाच लागतो.

म्हणजे आमच्यासाठी दोन प्रयोगांच्या मधे काय, तर दिवस. उजाडताना तोंड पुसायचं आणि गाडीत बसायचं. जानेवारीतली थंडी, दोन्ही बाजूंना जंगल, धानाची रिकामी शेतं. पुढच्या गावात अकरा-बाराला पोचायचं, कुणाच्या तरी घरी जेवण, ओसरीवर झोप. झोप कसली, पोरं बघायला येतात. "हाच का काल खलनायक होता?" मी डोळे मिटून पडलेलो, एक पोरगं माझ्या मिशीला हात लावून खरी आहे का बघत होतं. खरी होती. ओढली त्याने.

एकदा उठून चहा पिताना शेजाऱ्याला विचारलं हे गाव कोणतं. त्यालाही माहीत नव्हतं. तोही नटच होता :)

---

सातपाटील_नव्हे :

+१ झाडीपट्टीला. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे माहीतच नसतं.

---

कोकणी_माणूस :

आमच्याकडे दशावताराबद्दल म्हणच आहे, राती राजा, सकाळी कपाळार बोजा. रात्रभर तलवार घेऊन फिरलेला राजा सकाळी सामानाचा पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या दहिकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या खेळाला, चालत निघायचा. आता टेम्पो आहेत. शेजारचा आमचा आबा स्त्रीपार्टी, दुपारी नांगर धरायचा तरी भुवया कोरलेल्या. बाजारात कोणी हसलं की म्हणायचा, रात्री ये मग बघ.

---

हौशी_पण_जिद्दी :

विषयाला सोडून विचारते, माफ करा. माझी मुलगी बारावीत आहे, अभिनयच करायचा म्हणते. काय सांगू तिला? कुठल्या कोर्सला घालू?

---

कॅशियर_क्र_४ :

डॉक्टर करा. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, काशीनाथ घाणेकर दातांचे, मोहन आगाशे मनाचे. ती अॅनेस्थेशियाचं बघेल.

---

डावी_विंग :

@हौशी_पण_जिद्दी, त्यांचं मनावर घेऊ नका. एक करा, तिला आठ दिवस एखाद्या नाटकाच्या दौऱ्यावर बॅकस्टेजला पाठवा. स्टेजवर नाही, बसमध्ये. एखाद्या नाट्यगृहाच्या मेकअप रूमला लागून असलेल्या बाथरूममध्ये (नाव नाही घेत) जाऊन आल्यावरही तिची इच्छा टिकली तर मग कोर्स बघू. फोन करा मला, खरंच.

---

पुणेकर_नाही_पण :

त्या बाथरूमवर वेगळं लिहा कुणीतरी. मी तर प्रयोगाच्या दिवशी सकाळपासून पाणीच कमी प्यायचे. आता किडनी स्टोन आहे, त्याचं श्रेय त्यांनाच.

---

ओला_पॅनकेक :

मला वाटायचं मधला वेळ म्हणजे दीड तास, फार तर सोमवार ते शुक्रवार. मार्च २०२० मध्ये आमचा नव्वदावा प्रयोग झाला आणि एक्क्याण्णवावा व्हायच्या आधी सगळं बंद. मध्ये थोडे दिवस निम्म्या खुर्च्यांवर उघडलं, परत कुलूप. नाट्यगृहं पुन्हा उघडली २२ ऑक्टोबर २०२१ ला. त्या काळात मी मसाले विकले, ऑनलाइन मुलांची शिबिरं घेतली, एका अॅपसाठी पुस्तकं वाचून दिली कपाटात गोधडी लावून. रोज संध्याकाळी सातला पोटात गोळा यायचा, एंट्रीच्या आधी येतो तो. घरात बसल्या बसल्या. बायको म्हणायची गॅसेस असतील.

एक्क्याण्णवावा झालाच नाही. दोघे दुसऱ्या नाटकात गेले, आमचे एक ज्येष्ठ कलाकार गेले.

---

खिळे_हातोडी :

दादा, तो सेट अजून गोडाऊनला असेल. आमचे तसे तीन पडून आहेत. वाळवी बघायला मीच जातो महिन्यातून एकदा.

---

करवीर :

मधल्या वेळातली झोप म्हटलं की मला आमचं कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवतं. दुपारच्या प्रयोगानंतर पडदा पाडलेला असायचा, रंगमंचाच्या लाकडी फळ्या गार. त्यावर पाठ टेकली की अर्ध्या तासात माणूस नवा. ऑगस्ट २०२४ च्या त्या रात्री आग लागली तेव्हा आम्ही रस्त्यावर उभे होतो, बरोबरचे मोठमोठे बाप्ये लहान पोरांसारखे रडत होते. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. जास्त लिहीत नाही.

---

तिसरी_घंटा :

🙏

---

उशिराची_लोकल :

विषय बदलते जरा. दोन प्रयोगांच्या मधे घशासाठी कोण काय करायचं? माझा आवाज दुसऱ्या प्रयोगाच्या दुसऱ्या अंकात हमखास बसतो. रविवारी परत दोन आहेत.

---

कॅशियर_क्र_४ :

ज्येष्ठमध दाढेत धरायचा. आणि मधल्या वेळात बोलायचं नाही. हे दुसरं तुम्हाला जमेलसं वाटत नाही.

---

पडद्याबाहेरची :

आमच्याकडे थर्मासमध्ये काढा जायचा. आलं, गवती चहा, मिरी, खडीसाखर. दुपारचा पडदा पडल्यावर लगेच घोट घोट प्यायचा, आणि त्यावर वडा खायचा नाही.

---

आळूवडी :

हे शेवटचं कुणाला उद्देशून?

---

उशिराची_लोकल :

मिरी किती घालायची काकू?

---

पडद्याबाहेरची :

चार. ठेचून. थर्मास मात्र स्वतःजवळ ठेव, टेम्पोत टाकू नकोस. आमचे दोन गेलेत तसे.

---

खिळे_हातोडी :

एक माझ्याकडे आहे. निळ्या झाकणाचा का?