पग की शित्झू? शनिवारपर्यंत ठरवायचंय, मदत हवी आहे

सोरेगावकर
नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. घरात कुत्रा आणायचा हे पक्कं आहे, त्यावर चर्चा नको. पग घ्यावा की शित्झू, एवढ्यावरच गाडी अडलीय. बायकोचं मत शित्झू, कारण घरभर केस होत नाहीत. माझं मत पग, अंगानं भरलेला असतो, पोरांची दंगामस्ती झेपते त्याला. पुण्यातल्या एका ब्रीडरकडे दोन्हींची पिल्लं तयार आहेत. शनिवारपर्यंत सांगा म्हणतोय, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे. गूगल करून झालं, तिथं दोघांनाही 'फॅमिली डॉग' म्हटलंय. ज्यांनी पाळलेत त्यांनीच लिहा. जरा लवकर.

बाळीवेसवाला
पग. डोळे झाकून. 2003 साली हच मोबाइल कंपनीची ती पगवाली जाहिरात आली अन् गल्लीत ज्याला त्याला तोच कुत्रा पायजे झाला. आमच्या आण्णांनी पण तेव्हाच आणला. आम्ही पोरांनी कान ओढले, पाठीवर बसलो, कधी गुरगुरला नाही. रात्री घोरायचा तेवढा माणसासारखा.

शेंगाचटणी
मुलं केवढी आहेत ते लिहा की. 'पोरं' म्हणजे रांगणारी का दहावीतली?

प्राजक्ता_जुळे
माझ्याकडे शित्झू आहे. केस गळत नाहीत हे बऱ्यापैकी खरं, पण मग ते वाढतच राहतात. रोज ब्रश फिरवला नाही तर कानामागे, काखेत गुठळ्या होतात आणि त्या कात्रीनंच काढाव्या लागतात. महिना-दीड महिन्यानं कटिंग. डोळ्यांत केस जाऊन सारखं पाणी येतं, ते पुसणं वेगळं. आणि आंघोळ! सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं हे वहिनींच्या लक्षात आणून द्या. आमच्याकडे बोअर आहे म्हणून निभतं. बाकी स्वभावाला सोनं आहे, मुलांच्या मागे मागे घरभर फिरते.

सोरेगावकर
मुलं लहान आहेत. बोअर आम्हालाही आहे. ब्रश बायको करेन म्हणते. म्हणजे शित्झू फायनल का?

शेंगाचटणी
अहो, लहान म्हणजे किती??

कारवानप्रेमी
राग मानू नका, पण सोलापुरात राहून ही चपट्या तोंडाची परदेशी खेळणी कशाला? आपल्या शेजारची जात घ्या, कारवानी. तिकडं कर्नाटकात तिलाच मुधोळ हाउंड म्हणतात, 2005 साली टपाल खात्यानं तिकीट काढलंय तिच्यावर. उन्हाला भीत नाही, केसांचा ताप नाही, खायला नखरे नाहीत. ओळखीनं गावाकडं पिल्लू मिळून जाईल.

प्राजक्ता_जुळे
दादा, त्यांनी लहान कुत्रा विचारलाय. कारवानी मागच्या पायांवर उभी राहिली तर ओट्यावरची आमटी संपवेल.

कारवानप्रेमी
संपवू दे की. निदान श्वास तरी घेता येतो तिला.

पशुसेवक
मी पशुवैद्य आहे म्हणून विचारतो. घर कसलं आहे? दुपारी बारा ते पाच घरात कोण असतं? एसी आहे का?

सोरेगावकर
फ्लॅट, 2 बीएचके. दुपारी कुणी नसतं, आम्ही दोघंही नोकरीला. मुलगी तिसरीत आहे, शाळेतून परस्पर आजीकडे जाते. धाकटा अडीच वर्षांचा, पाळणाघरात. एसी नाही, कूलर आहे. या सगळ्याचा जातीशी काय संबंध? मी पग का शित्झू एवढंच विचारलंय.

शेंगाचटणी
शेवटचा मजला तर नाही ना?

सोरेगावकर
शेवटचाच. वर गच्ची. का?

पशुसेवक
संबंध असा.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजाच्या गादीला थोडा येतो, त्यानं काही भागत नाही. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो, आणि त्यासाठी नाकातोंडातून भराभर हवा आत-बाहेर व्हावी लागते. पग आणि शित्झू या दोघांचीही नाकं चपटी. नाकपुड्या अरुंद, आणि टाळूचा मागचा मऊ भाग लांब असल्यामुळे घशाची वाट अडते. लोहाराच्या भात्याचं तोंड अर्धं बुजवल्यावर तो कितीही जोरात दाबला तरी काय उपयोग, तसं होतं. पग घोरतो त्याचं सगळ्यांना कौतुक वाटतं, खरं तर ती हवा अडल्याची खूण असते.

आता तुमचं घर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 42-43 ला जातो. वरच्या मजल्याचा स्लॅब दिवसभर तापून रात्री दहापर्यंत आत उष्णता सोडतो. कूलर आपल्या कोरड्या हवेत चांगला चालतो, पण टाकीतलं पाणी दुपारी दोनला संपलं किंवा लाइट गेली तर बंद घरात ते पिल्लू एकटं. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. उन्हाळ्यात असे कुत्रे माझ्याकडे येतात आणि त्यांत चपट्या नाकाचेच जास्त. मालक संध्याकाळी घरी येतो, तोवर उशीर झालेला असतो.

त्यामुळे पग का शित्झू, याला तुमच्या घरापुरतं माझं उत्तर 'दोन्ही नको' असं आहे. एसी असता आणि दुपारी माणूस असता तर म्हणालो असतो, पग घ्या. साडेसहा ते आठ किलो भरतो, अडीच वर्षांच्या पोराच्या धसमुसळेपणापुढे टिकतो. शित्झू चार ते सात किलो. हाताळायला सोपा, पण पाय घसरून मूल अंगावर पडलं तर त्याला लागतं. पगचे डोळे मात्र बाहेर आलेले असतात, पोराचं बोट किंवा खेळणं लागून जखम सहज होते. सुरकुत्या रोज पुसून कोरड्या ठेवायच्या, नाहीतर वास मारतो. आणि केसांबद्दल वहिनींचं बरोबर आहे, पगचे केस बारा महिने गळतात.

बाळीवेसवाला
डॉक्टर, घाबरवायलाव उगं. आमचा पग एसीशिवायच जगला की. अन् म्हातारा होऊन मेला.

पशुसेवक
घर कसलं होतं तुमचं?

बाळीवेसवाला
माळवदाचं, वर मातीचं जाड छत. खाली शहाबादी फरशी. दुपारी तो देवघरात पसरायचा. घरात आज्जी, काकू, आई... बरं, कळलं तुमचं म्हणणं. तरी पगला नाव ठेवू नका.

सोरेगावकर
मी जात विचारली आणि तुम्ही माझ्या स्लॅबवर आलात. एसी पुढच्या वर्षी घ्यायचाच आहे.

कारवानप्रेमी
म्हणजे या उन्हाळ्यात कुत्र्यानं काय करायचं?

रेल्वेलाइन्स
पुण्याहून आणताय म्हणून सांगतो. रेल्वेत कुत्रा नेताना एसी फर्स्टचा अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तरच सोबत बसू देतात, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावा लागतो. स्लीपर किंवा थ्री टायरमध्ये लपवून नेऊ नका, टीसी दंड लावतो.

सोरेगावकर
कारनं आणणार आहे. रेल्वेचा विषय कुणी काढला?

अक्कलकोटरोड
पिल्लांचं वय विचारलंत का? आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला 2017 च्या नियमांनी बंदी आहे. ब्रीडरची नोंदणीही राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे असावी लागते. शनिवारपर्यंतची घाई करणाऱ्याकडं नोंदणी विचारून बघा, आवाज कसा बदलतो ते कळेल.

सोरेगावकर
पंचेचाळीस दिवसांची आहेत म्हणाला. केसीआयचा, म्हणजे केनल क्लब ऑफ इंडियाचा कागद देणार आहे.

पशुसेवक
पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. आणि केसीआयचा कागद वंशावळीचा असतो, तब्येतीचा नाही. आई बघायला मिळते का विचारा. आई धापा टाकत असेल, नाक वाजत असेल तर पिल्लाचंही तेच होणार. पिल्लू घरी आलं की लसींचं वेळापत्रक असतं. साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास रेबीजची. जंताचं औषध वेगळं. तेवढ्या काळात त्याला रस्त्यावर सोडायचं नाही. हे सगळं ऐन उन्हाळ्यात, दुपारी घर बंद असताना कोण करणार?

ओंकार_एमआयडीसी
शित्झूनं ॲलर्जी होत नाही म्हणतात. धाकट्याला दम्याचा त्रास असेल तर तोच बरा ना?

पशुसेवक
दम्याचं धागाकर्ता काही बोललेले नाहीत, पण विचारलंत म्हणून सांगतो. ॲलर्जी केसांनी कमी आणि कुत्र्याच्या लाळेतल्या, त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांनी जास्त होते. कोंडा आणि लाळ प्रत्येक कुत्र्याला असते. ॲलर्जी अजिबात होणार नाही अशी जात नाही. कुणाला त्रास असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांशी बोला, कुत्रा नंतर.

सोरेगावकर
कुणाला दमा नाही. मग लहान कुत्र्यांत आमच्यासारख्यांनी घ्यायचा तरी कोणता?

शेंगाचटणी
हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता बघा. पॉमेरियन घ्या. आमच्या भवानी पेठेत पूर्वी दर चार घरांआड एक पांढरा पॉम असायचा. उन्हाळे त्यांनीही काढलेच.

अक्कलकोटरोड
ते पॉमेरियन नव्हेत, इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरियन दीड ते तीन किलोचा, अडीच वर्षांच्या पोराच्या घरात तो मुळीच नको. स्पिट्झ पाच-सात किलोचा, नाक लांब, तब्येतीनं चिवट.

शेंगाचटणी
तेच ते. पांढरा आणि भुंकणारा.

प्राजक्ता_जुळे
भुंकणारा हे महत्त्वाचं. लिफ्ट वाजली की भुंकतो, कुकरची शिट्टी झाली की भुंकतो. आमच्या सोसायटीत त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद आहे.

कारवानप्रेमी
रस्त्यावरचं गावठी पिल्लू घ्या मग. फुकट आणि इथल्या हवेचंच.

पशुसेवक
गावठी उत्तमच, फक्त 12-15 किलोचं किंवा जास्तही होऊ शकतं. लहानच हवा असेल तर स्पिट्झ बरा. त्यालाही दाट केस असतात, त्यामुळे दुपारी सावली, पंखा, पाणी लागतंच. केस मुळापासून भादरू नका, कातडीला ऊन लागतं. आणि केसांत गोचीड शोधायची सवय लावून घ्या, गोचीड तापाचे रुग्ण आपल्याकडे खूप. पण निदान धापा टाकायला नाक आहे त्याला.

नान्नजचा_बागायतदार
माझंही एक ऐका. आमच्याकडं द्राक्षाचा हंगाम आहे. पाहुणे पेट्या घेऊन जातात आणि पोरं कुत्र्याला कौतुकानं मणी चारतात. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे, मूत्रपिंडं निकामी होतात.

बाळीवेसवाला
काय बे, आमचा पग तर शेंगाचटणी-भाकरी खायचा!

पशुसेवक
बागायतदार बरोबर बोलतात. चटणीत लसूण असतो, तोही नको, कांदाही नको, चॉकलेट तर बिलकुल नको. मुलीला हे पाठ करून घ्या. तिसरीतलं मूल एवढं सांभाळू शकतं, अडीच वर्षांचं नाही. कुत्रा कुठलाही आणा, धाकटा आणि तो एका खोलीत एकटे ठेवायचे नाहीत. ताटलीत तोंड घातलेल्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ धाकट्याला जाऊ द्यायचं नाही.

होटगीनाका
बराच वेळ वाचतोय. आमच्या शेजारच्या काकू मुलाकडं हैदराबादला चालल्यात, त्यांचा स्पिट्झ आहे, तीनेक वर्षांचा. लसी झाल्यात, नसबंदी झालीय, घरात नातवंडं असतात त्यामुळं पोरांची सवय आहे. पैसे नकोत, घर चांगलं हवं म्हणतात.

अक्कलकोटरोड
मोठा कुत्रा नव्या घरात रुळत नाही. पिल्लूच बरं.

प्राजक्ता_जुळे
काहीही. माझी बहीण अशीच मोठी कुत्री घेऊन आली, आठवडाभरात तिच्या पायाशी झोपायला लागली. उलट शी-शूची सवय लागलेली असते, सोफा कुरतडायचं वय गेलेलं असतं. घरात दुपारी माणूस नाही त्यांनी पिल्लू आणूच नये.

अक्कलकोटरोड
एका बहिणीवरून नियम होत नाही.

प्राजक्ता_जुळे
आणि तुमचा नियम कुणाच्या बहिणीवरून आहे?

सोरेगावकर
भांडू नका. बायकोनं धागा वाचला. ब्रीडरला आई दाखवा म्हटलं तर 'आई दुसरीकडं आहे' म्हणाला. नोंदणी क्रमांक विचारला, फोन ठेवला. ते आता बाद.

होटगीनाका, व्यनि (खासगी निरोप) केलाय. रविवारी संध्याकाळी बघायला आलो तर चालेल का काकूंना? पशुसेवक, पहिल्यांदा जाताना मुलांना न्यावं का?

पशुसेवक
पहिल्या खेपेला तुम्ही दोघंच जा. अर्धा तास बसा, दार वाजल्यावर काय करतो ते बघा, खाताना ताटलीजवळ कुणी आलं तर कसा वागतो ते काकूंना विचारा. ठीक वाटलं तर दुसऱ्या खेपेला मुलं न्या. धाकट्याचं पोट भरलेलं असू दे, हातात बिस्किट नको. मुलांनी खाली बसायचं आणि कुत्र्याला आपणहून जवळ येऊ द्यायचं, पाठलाग करायचा नाही. लसीचं पुस्तक मागून घ्या. आणला तर पहिले काही दिवस तुमच्यापैकी एकानं रजा काढा. आणि मे महिना संपेपर्यंत दुपारी त्याला मुलीबरोबर आजीकडे ठेवता आलं तर बघा, आजीचं घर तळमजल्यावर असेल तर फारच उत्तम.

सोरेगावकर
आजीचं घर तळमजल्यावरच आहे, पण आजीला अजून काही सांगितलेलं नाही.

शेंगाचटणी
हे पण आत्ता सांगताय!

होटगीनाका
रविवारी सहानंतर या. काकू पंढरपूरला जाऊन परत येतील तोवर. त्याचा पट्टा, भांडी, कंगवा सगळं देतील, पिंजरा मात्र त्यांच्याकडं नाही.

सोरेगावकर
येतो. पिंजरा कुणाकडे जुना पडून असेल तर सांगा, नवीन आत्ता घेत नाही.