अरुंद काठाची जुनी फेल्ट हॅट: आतली पट्टी कडक झाली आहे, वाफ द्यावी का?

नवखा५७
साठच्या दशकातली अमेरिकन फेल्ट (फर किंवा लोकर दाबून केलेलं जाड कापड) हॅट मिळाली आहे. रंग करडा, काठ ३.५ सेंमी, माथा वर निमुळता, काळी रिबन, बो डावीकडे. आतल्या पट्टीमागच्या चिठ्ठीवर माप ७⅛. डोकं ५७.५ सेंमी, पण हॅट कपाळाला करकचून बसते. चामड्याची पट्टी पापडासारखी कडक आहे. माथ्यावर कसरीने खाल्लेले तीन ठिपके, त्यातला एक आरपार. किटलीच्या वाफेवर धरून हॅट सैल करता येईल का? आणि काठ मुळातच एवढा होता की कोणी नंतर कापला, हे कसं ओळखायचं? मुक्काम डोंबिवली, पावसाळा तोंडावर.

काठ_आणि_माथा
वाफ आत्ता अजिबात देऊ नका. आधी कसरीचा बंदोबस्त. हॅटमध्ये चुरगळलेला पांढरा कागद सैल भरा, दोन पॉलिथिन पिशव्यांत हवाबंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर गार फेल्टवर दव धरतं. मग कोरडा ब्रश. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश घ्या आणि वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, फेल्टची लव त्याच दिशेला बसवलेली असते. धूळ न काढता वाफ दिली तर ती फेल्टमध्येच मुरते.

शिंपीदादा
लाकडी स्ट्रेचर (हॅट आतून ताणायचं साधन) घालून थोडी वाफ दिली की अर्धा सेंटीमीटर सहज सुटतो. एवढं घाबरायचं कारण नाही.

काठ_आणि_माथा
@शिंपीदादा, नव्या हॅटला तुमचं म्हणणं लागू पडतं. इथे पट्टी साठ वर्षांची आहे. सुकलेल्या चामड्याला गरम वाफ लागली की ते आकसतं आणि पुन्हा मूळ मापावर येत नाही. वर स्ट्रेचरचा ताण दिला तर पट्टी मागच्या जोडापाशी टरकन फाटते. अमेरिकन ७⅛ म्हणजे ५७ सेंमीच्या आसपास. ५७.५ च्या डोक्याला ती जरा घट्ट होईल, करकचणार नाही. तेव्हा आकसलंय काय, फेल्ट की चामडं, हे आधी मोजा.

@नवखा५७, कापडी टेपने पट्टीचा आतला घेर घ्या. मग पट्टी बाहेर उलटवून, काठ आणि माथा जिथे मिळतात तिथला फेल्टचा घेर घ्या. चामड्याची जाडी धरता फेल्टचं माप अर्धा-पाऊण सेंटीमीटर जास्त यायला हवं. फरक त्याहून मोठा असेल तर दोष चामड्याचा. पट्टीचं टोक हलकेच वाकवूनही पाहा. नुसती कडक असेल तर लेदर कंडिशनरचा पातळ हात दोन्ही बाजूंनी द्या, दिवसभर थांबा, मग दुसरा. खोबरेल नको, ते फेल्टमध्ये उतरून कायमचा डाग पडतो. तांबूस भुकटी सुटली तर पट्टी संपली.

जुनाबाजार
काठाबद्दल. चाळिशीच्या दशकात काठ साधारण ६ सेंमी किंवा जास्त असत, साठच्या सुरुवातीला ४ च्या आत आले. माथाही बुटका आणि निमुळता झाला. म्हणून उंच, भरदार माथ्यावर ३.५ सेंमीचा काठ दिसला तर शंका घ्यावी. काठ फूटपट्टीने चार ठिकाणी मोजा. पुढचा-मागचा काठ बाजूंपेक्षा किंचित रुंद असू शकतो, ती मूळ ठेवण असते. डावी-उजवी मात्र सारखी हवी. कडेला रिबनची गोट किंवा दुमडून घातलेली शिवण असेल तर बहुधा मूळ काठ. नुसती कापलेली कड कारखान्यातूनही येई, पण ती एकसारखी आणि गुळगुळीत असते. कात्रीची कड बोटाला खरबरीत, लाटांची लागते.

पुढेमागे दुसऱ्या महायुद्धापूर्वीची हॅट घेणार असाल तर एक जपा: फर फेल्ट करताना पाऱ्याचं विषारी नायट्रेट वापरत. अमेरिकेत ते डिसेंबर १९४१ पासून बंद झालं. त्याआधीच्या हॅटला बंद खोलीत वाफ देऊ नये, घासूही नये.

नवखा५७
मोजलं. पट्टी ५६.३, फेल्ट ५८.२. पट्टी वाकवताच भुकटी सुटली आणि तडा गेला. कडेला दुमडून शिवण आहे, डावा-उजवा काठ तंतोतंत सारखा.

काठ_आणि_माथा
मग फेल्ट शाबूत आहे, आणि नव्या पट्टीने माप आपोआप जमेल. ५८.२ मधून चामड्याची जाडी गेली की तुमचंच डोकं उरतं.

कडेला पाइपिंग असलेली तयार पट्टी मापानुसार मागवा. बिनपाइपिंगचं चामडं थेट टाचलं तर दोरा त्यालाच कापत जातो. आधी रिबन सोडवा, कारण पट्टीचे टाके बाहेरून रिबनखाली लपलेले असतात. बो कुठे होता त्याचा फोटो काढून ठेवा. जुने टाके एकेक कापा, ओढू नका. नवी पट्टी जोड मागे मध्यावर ठेवून चार जागी तात्पुरती टाचा, मग जुन्याच भोकांतून शिवत जा. नवी भोकं पाडली तर काठाच्या मुळाशी फेल्ट टपाल तिकिटासारखं भोकांच्या रेषेवर फाटतं.

आरपार भोकासाठी पट्टीखाली झाकल्या गेलेल्या फेल्टवरून ब्लेडने थोडी लव खरवडा. तिथला रंग उडालेला नसतो. कापडाच्या गोंदाच्या थेंबात कालवून आतल्या बाजूने भरा, सुकल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. इतर दोन ठिपक्यांना नुसता पेपर पुरेल.

शिंपीदादा
मापाचं पटलं. चामडं आकसल्याचा विचार केला नव्हता. वापरताना हॅट माथ्याच्या पुढच्या दबलेल्या भागाला चिमटीत धरून उचलू नका, फेल्ट तिथेच चिरतं. काठाला पुढे-मागे धरा. घालून आल्यावर पट्टी बाहेर उलटवून हॅट तिच्यावर उभी ठेवा, घाम सुकतो आणि काठही दबत नाही. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, पॉलिथिनमध्ये बुरशी धरते. दर पंधरा दिवसांनी उघडून पट्टीमागे बघा, बुरशी तिथून सुरू होते.