'पहिली १०० गिऱ्हाईकं घरबसल्या' – कुणाला मिळाली हो?

लूमवाला_इचलकरंजी
काल इथे एकाने मोठं प्रवचन झाडलं की सॉफ्टवेअर स्टार्टअपने पहिलं वर्षभर सेल्सचा माणूस ठेवूच नये, प्रॉडक्ट दमदार असेल तर आपोआप खपतं, रेफरल (जुन्या गिऱ्हाइकाने नवं आणणं), कंटेंट आणि इन्स्टाच्या जाहिराती बास. वर ड्रॉपबॉक्सचा (ऑनलाइन फाइली ठेवायची ती अमेरिकन कंपनी) दाखला. डोकं फिरलं म्हणून लिहितोय.

अहो, त्याच ड्रॉपबॉक्सने आधी गूगलवर जाहिराती करून हात पोळून घेतलेत. ९९ डॉलरच्या मालाला एक गिऱ्हाईक २३३ ते ३८८ डॉलरला पडत होतं, त्यांच्या संस्थापकानेच हे आकडे जाहीरपणे दाखवलेत.

आमचं कापड दुकानांसाठी बिलिंग आणि उधारीचं सॉफ्टवेअर. चार महिन्यांत ८०,००० रुपये जाहिरातीत घातले. लीड (चौकशी करणारे) सहाशेच्या वर, त्यात निम्मे 'प्राइस प्लीज' टाकून गायब, तिघं नोकरी मागणारे, पैसे भरणारे दोन. मग बाईक काढली. दुकानात दुपारी २ ते ४ शुकशुकाट असतो तेव्हा जायचं, लॅपटॉप उघडायचा नाही, आधी नुसतं बघायचं शेठ बिल कसं फाडतात ते. काउंटरच्या आत स्टूल मिळालं की अर्धं काम झालं. आणि खरी चावी शेठकडे नसतेच, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या अकाउंटंटकडे असते. असा एक माणूस पटला आणि महिन्यात नऊ दुकानं आली.

घरबसल्या_फाउंडर
तो प्रवचनकार मीच. नऊ दुकानं गुणिले वर्षाचे ४,०००, म्हणजे ३६,०००. यातून पेट्रोल वजा करा आणि उरलेल्यात दोन डेव्हलपरचा पगार भागवून दाखवा! रेफरलवर ड्रॉपबॉक्स सप्टेंबर २००८ मधल्या १ लाख वापरकर्त्यांवरून जानेवारी २०१० पर्यंत ४० लाखांवर गेलं. ते काय स्टुलावर बसून?

आणि त्या अकाउंटंटला कमिशन किती दिलंत तेही लिहा की.

लूमवाला_इचलकरंजी
२० टक्के, पहिल्या वर्षाचं. लपवायचं काय त्यात. तुम्ही झुकरबर्गला देता, मी आमच्या गल्लीतल्याला देतो.

जुना_टॅलीवाला
दोघंही जरा शांत व्हा. टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर, घरोघरी गेलं ते क्लासमुळे. पोरं क्लासमध्ये टॅली शिकायची (कॉपी कुठली असायची ते विचारू नका), नोकरीला लागली की मालकाला म्हणायची, मला हेच येतं. मालक बिचारा घेतो. याला मार्केटिंग म्हणा नाहीतर नशीब. आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा तर मला कुणाच्या दारात जावंच लागलं नाही, लोक माझ्या दारात उभे. त्या तीन महिन्यांत जेवढं विकलं तेवढं त्याआधी तीन वर्षांत नव्हतं विकलं. टायमिंगपुढे तुमची बाईक पण फिकी आणि इन्स्टा पण.

नदीकाठची_सांगलीकर
मुळात सॉफ्टवेअर मराठीत आहे का? आमच्या बाबांच्या भुसार दुकानात एक कंपनी असलंच काहीतरी लावून गेली. मराठी म्हणे! बटणावर 'सादर करा'. बाबा विचारतात, कुणाला सादर करू, कलेक्टरला?

घरबसल्या_फाउंडर
हे विषयांतर आहे. आणि लहान दुकानदारांनाही आता इंग्रजीच पाहिजे असते, मराठी ठेवलं की माल स्वस्तातला वाटतो. हा माझा अनुभव आहे, भावना दुखावून घेऊ नका.

नदीकाठची_सांगलीकर
कुणाचा अनुभव, बाणेरच्या कॅफेतला? विषयांतर कसं काय हो, बाबांनी ते तिसऱ्या दिवशी बंद केलं ते यामुळेच. हजार रुपये देऊन आणलेलं गिऱ्हाईक एका बटणापायी गेलं, हे मार्केटिंग नाही तर काय?

जुना_टॅलीवाला
ताईंचं बरोबर आहे पण नुसते शब्द बदलून भागत नाही. देशी वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी लेजरमध्ये (खातेवहीत) डेबिट म्हणजे नावे डावीकडे, म्हणजे बरोबर उलटं. पोरं काय करतात, रकाने इंग्रजी पद्धतीचे ठेवतात आणि डोक्यावर मराठी शब्द चिकटवतात. चाळीस वर्षं किर्द लिहिलेला माणूस शब्द वाचतच नाही, बाजू बघतो. माझ्या एका गिऱ्हाइकाने येणं होतं ते देणं समजून व्यापाऱ्याला ६,००० रुपये नेऊन दिले, आणि त्या व्यापाऱ्याने घेतले पण!

लूमवाला_इचलकरंजी
आईशप्पथ. आमच्यात पण डेबिट डावीकडेच आहे. दोन म्हातारे शेठ रोज संध्याकाळी फोन करून 'आकडा उलटा दिसतोय' म्हणतात, मी त्यांना रिस्टार्ट करायला सांगतोय दीड महिना.

घरबसल्या_फाउंडर
म्हणजे एवढे दिवस काउंटरच्या आत स्टुलावर बसून साहेबांना रकाने दिसले नाहीत. छान.

लूमवाला_इचलकरंजी
नाही दिसले. पण फोन तरी आला. तुमच्याकडे फोन नंबर आहे का वेबसाइटवर? आत्ता बघितलं, चॅटबॉट आहे. 'हाय, आय ॲम मिया.'

घरबसल्या_फाउंडर
तो काढणारच होतो. बरं, मान्य, एकदा दुकानं फिरून बघतो, ऊन जरा उतरलं की. पण खरं सांगा, नऊपैकी रिन्यू किती झाली?

लूमवाला_इचलकरंजी
आठ. एकाने दुकानच विकलं. आठवे शेठ पैसे वेळेवर भरतात पण वापरत नाहीत, अजून लाल वहीच. म्हणतात, पोरगा चांगला आहे, येत जा चहाला.

नदीकाठची_सांगलीकर
ते 'सादर करा'चं 'बिल फाडा' कोण करणार आहे ते सांगा आधी.