रास्पबेरी पायसाठी स्वतःची इमेज बांधावी की तयार लिनक्सच बरं?

धरमपेठकर
काटोलकडच्या संत्र्याच्या बागांत आम्ही बारा रास्पबेरी पाय ३, म्हणजे एका बोर्डावरचे छोटे संगणक, बसवलेत. मातीतला ओलावा मोजायचा, पंप चालू-बंद करायचा, एवढंच काम. पण मे महिन्यात लाइन दिवसातून चार-पाचदा जाते आणि दर महिन्याला एखाद-दुसरं एसडी कार्ड मरतं. मग नागपूरहून साठेक किलोमीटर गाडी काढायची, शेडमधला तापलेला डबा उघडायचा आणि नवीन कार्ड टाकायचं.

माझं मत आता पक्कं झालंय. बिल्डरूट, म्हणजे हवं तेवढंच लिनक्स बांधून देणारं साधन, घ्या आणि स्वतःची इमेज, म्हणजे कार्डावर उतरवायची अख्खी ओएस, बांधा. त्याच्या मेन्यूकॉन्फिग या निवडयादीत कर्नल (लिनक्सचा गाभा), बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडचा छोटा संच), पायथन आणि आपला प्रोग्राम, बस. रात्री मेक (बांधायची कमांड) लावून झोपलो, सकाळी कार्डावर उतरवायची इमेज तयार होती, २०० एमबीच्या आत. रूट, म्हणजे ओएसच्या फाइलींचा मुख्य भाग, स्क्वॅशएफएस या फक्त वाचायच्या फाइलसिस्टिमवर, म्हणजे तिथे लिहिताच येत नाही. मग लाइन गेली तरी कार्ड बिघडेल कशानं?

हिंगणा रोड
भाऊ, तुम्ही रोज हेच करून राहिले म्हणून सोपं वाटते. उद्या तुम्ही पुण्याला नोकरीवर गेले तर काटोलच्या त्या शेतकऱ्यानं काय करायचं? मी होतो त्या कारखान्यात एका पोरानं अशीच इमेज बांधली होती. पोरगा गेला, कॉन्फिग फाइल त्याच्याच लॅपटॉपवर राहिली. ओपनएसएसएल या नेटवरच्या सुरक्षेच्या लायब्ररीची दुरुस्ती आली तेव्हा आम्ही नुसते पाहत बसलो. बिल्डरूटच्या बोर्डावर एप्ट (सुटी पॅकेजं बसवणारी कमांड) नसते, एक लायब्ररी बदलायची तरी अख्खी इमेज नव्यानं बांधा.

त्यापेक्षा रास्पबेरी पाय ओएस लाइट हे तयार लिनक्स टाका न. त्याच्या रास्पी-कॉन्फिग या सेटिंगमधून ओव्हरले चालू करा, सगळं लिहिणं कार्डाऐवजी रॅममध्ये जाते. दहा मिनिटांचं काम आहे.

धरमपेठकर
ओव्हरले करून पाहिलंय. पाय ३ वर घड्याळाची चिप नसते. नेट येईपर्यंत ओएस डिस्कवर जपलेली शेवटची वेळ धरते. ओव्हरले लावलं की ती जपणंच थांबतं. आम्ही १४ मार्चला सकाळी अकराला ते लावलं होतं. मेमध्ये लाइन गेली, टॉवरही गेला, आणि बोर्ड उठला तो पुन्हा १४ मार्च, सकाळी अकरा! पहाटेचं पाणी भर दुपारच्या उन्हात सुटलं. फोनवर बागवाल्या काकांना काय सांगू, कळेना.

हिंगणा रोड
पण हा दोष ओएसचा काहून? तुमच्या बिल्डरूट इमेजमध्ये नेट नसलं तर घड्याळ १९७० सालात उठेल. डीएस३२३१ या घड्याळाच्या चिपचं मॉड्यूल बोर्डाच्या आयटूसी पिनांवर जोडा, कॉन्फिग डॉट टीएक्सटी या सेटिंगच्या फाइलीत त्याची एक ओळ टाका. दोन्हीकडे तेच औषध आहे.

बर्डीची दुरुस्तीवाली
घड्याळाचं हिंगणावाल्या दादांचं बरोबर आहे. पण मला वेगळंच विचारायचंय. धरमपेठकर, ओलाव्याची रीडिंग लिहिता कुठे? त्याच कार्डावर दुसरं पार्टिशन (वेगळा कप्पा) करून? तसं असेल तर स्क्वॅशएफएस तुम्हाला पूर्ण वाचवणार नाही. पार्टिशन आपल्यासाठी असतात, कार्डाला ती कळत नाहीत. कार्डातला कंट्रोलर आतल्या आत डेटा हलवत असतो, आणि त्या क्षणी वीज गेली तर ज्याला कुणी हातही लावला नाही तो भागही खराब होऊ शकतो. माझ्याकडे आलेल्या एका कार्डावर बोर्ड ज्यावरून सुरू होतो ते बूट पार्टिशनच वाचता येत नव्हतं, त्यावर महिनोन्महिने कुणी काही लिहिलं नव्हतं. रीडिंग वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या. आणि अडॅप्टर बदला. डीमेसेज या कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये अंडर-व्होल्टेज, म्हणजे वीज कमी पडतेय असं, दिसतंय का ते आधी बघा.

धरमपेठकर
ताई, हो, त्याच कार्डावर लिहितोय. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी दोन बोर्डांवर पेनड्राइव्ह आणि डीएस३२३१ लावतो. एकावर बिल्डरूट, एकावर लाइट आणि ओव्हरले. बाजू मात्र सोडत नाही. बोर्डावर काय काय चालतंय ते मला मोजून सांगता येतं, ही गोष्ट मला मोठी वाटते.

हिंगणा रोड
लावा. मीही सोडत नाही. पण डेफकॉन्फिग (बिल्डरूटमधल्या तुमच्या निवडीची फाइल), पॅच (कोडमधले बदल) आणि तुमचा प्रोग्राम आजच गिटवर टाका, बिल्डरूटची कोणती आवृत्ती ते लिहून ठेवा, फेब्रुवारीची घ्या, तिला दुरुस्त्या जास्त काळ मिळतात. आणि त्या काकांच्या घरच्या कोणालातरी कार्ड लिहायला शिकवून या.