पीएच.डी.च्या मध्यात बाळ: फेलोशिपचं काय होतं?

शेवंतीची_वही:
मराठीत पीएच.डी. करतेय, नेट-जेआरएफवर, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) संशोधन फेलोशिपवर. दोन वर्षं झाली, नुकतंच एसआरएफ, म्हणजे तिचाच पुढचा टप्पा, झालं. आणि आता पाचवा महिना चालू आहे. नवरा सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे त्याचं मानधन सत्र उलटून गेल्यावर कधीतरी येतं. घर चालतं ते माझ्या ४२ हजारांवर.

विभागातले एक सर म्हणाले, रजा घेतलीत की फेलोशिप बंद. एक मॅडम म्हणाल्या, रजा दाखवूच नका, महिन्याला येऊन सह्या करून जा. टाके ओले असताना मस्टर गाठायचं? सासूबाईंचं म्हणणं, वर्षभर सोड, मग परत प्रवेश घे. जणू काही एसटीचा पास आहे, संपला की नवीन काढला. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा.

गोदाकाठ:
आधी अभिनंदन! प्रवेश अजिबात सोडू नका, रीतसर रजा घ्या. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीप्रमाणे महिला संशोधकांना पीएच.डी.च्या पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. नोंदणी चालूच राहते. मुदतीचीही धास्ती नको. सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत.

सरांचं ऐकू नका. जेआरएफ-एसआरएफच्या अटींत प्रसूती रजा पूर्ण दराने आहे. मात्र २४० दिवसांची रजा आणि फेलोशिपसह मिळणारी रजा एकच धरून चालू नका. अवॉर्ड लेटरबरोबरच्या अटी काढून वाचा, मगच घराचं गणित मांडा.

खरी मेख फेलोशिपच्या पोर्टलवर आहे. दर महिन्याला तुमचं कंटिन्युएशन, म्हणजे संशोधन चालू असल्याची नोंद, विद्यापीठातला मेकर (नोंद भरणारा) भरतो, चेकर (तपासणारा) मंजूर करतो, तेव्हा पैसे सुटतात. माझा रजेचा अर्ज विभागातच फायलीत पडून होता, फेलोशिप सेक्शनला कुणी कळवलंच नाही. मेकरने हजेरी दिसत नाही म्हणून महिने कोरे सोडले. बारसं उसनवारीवर झालं. पैसे नंतर आले सगळे, पण दवाखान्याचं बिल थांबतं का?

म्हणून सातव्या महिन्यातच अर्ज द्या, गाइडच्या शिफारशीसह आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह. आवक क्रमांक घ्या. मंजुरीचं पत्र निघालं की त्याची प्रत स्वतः फेलोशिप सेक्शनला नेऊन द्या. मेकर कोण ते आत्ताच शोधून ठेवा, या कामात कुलगुरूंपेक्षा त्याची ओळख उपयोगी. मॅडमचा सल्ला मात्र नकोच. कागदावर हजर आणि प्रत्यक्षात दवाखान्यात, हे उद्या निघालं तर फेलोशिपच अंगाशी येईल.

बाबा_संशोधक:
गोदाकाठ यांच्याशी सहमत. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांची फेलोशिप घेणाऱ्यांनी विद्यापीठाबरोबर त्या संस्थेलाही लेखी कळवावं, नियम आपापले आहेत.

आणखी दोन गोष्टी. पहिलं बाळ असेल तर मातृवंदना योजनेत ५ हजार रुपये मिळतात, दोन हप्त्यांत. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६ हजार. उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर अंगणवाडीत चौकशी करा. रक्कम मोठी नाही, पण सोडायची कशाला? दुसरं, पाळणाघर. आमच्याकडे ते कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी होतं, संशोधकांनी मिळून अर्ज दिल्यावर आमचीही घेतली. आम्हा बापांसाठी यूजीसीच्या त्या नियमावलीत रजेचा शब्द नाही, माझी बायको नोकरीवर आणि मी प्रबंध मांडीवर, बाळ खांद्यावर!

शेवंतीची_वही:
खूप आभार. पहिलंच आहे, अंगणवाडीत जाऊन येते. आरएसीसमोरचं (संशोधन सल्लागार समितीसमोरचं) सादरीकरण नेमकं त्याच सत्रात येतंय, त्याचं काय?

गोदाकाठ:
ते दर सत्राला असतंच. गाइडना सांगून रजेच्या आधी उरकून घ्या, जमलं नाही तर रजेच्या अर्जातच पुढची तारीख मागा. आणि कंटिन्जन्सीचे, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाचे, वर्षाचे २०,५०० आत्ताच पुस्तकांना-झेरॉक्सला लावून बिलं जमा करा, बाळ आल्यावर बिलं शोधायला वेळ नसतो. त्यात डायपर बसत नाहीत, मी विचारलं होतं.

शेवंतीची_वही:
😄 मेकरचं नाव मिळालं. ते सध्या स्वतःच रजेवर आहेत.