मुलाच्या मेंदूतील पसरट विकार : स्टिरॉइडने गुण आल्यावरही बायोप्सी करावी का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. मार्चमध्ये त्याला पहिली फिट आली. त्याआधी दोन महिने तो चिडचिडा झाला होता, अक्षर बिघडले होते, पण आम्ही ते अभ्यासाच्या कंटाळ्यावर ढकलले. सीटी स्कॅनमध्ये काही आढळले नाही. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला तीन खंडांत पसरलेला बदल दिसला आणि एडीईएम, म्हणजे संसर्गानंतरचा मेंदूचा दाह, असावा असे सांगून स्टिरॉइड दिले गेले. आठवड्याभरात तो खेळू लागला, पण डोस कमी होताच फिट पुन्हा सुरू झाल्या. आता न्यूरोसर्जन बायोप्सी, म्हणजे मेंदूचा छोटा तुकडा काढून तपासणी, सुचवतात. औषध लागू पडले असताना डोक्याला छिद्र कशाला, असे आमचे वडील विचारतात.

उत्तर १ (रेडिओलॉजिस्ट)
स्टिरॉइडने बरे वाटणे हा एडीईएमचा पुरावा नव्हे, कारण ट्यूमरमुळे आलेली सूजही त्याने ओसरते. पसरट ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींचा ट्यूमर, यात रोगट पेशी निरोगी पेशींच्या मधून शिरत जातात, त्यामुळे गोळा असा दिसत नाही आणि कॉन्ट्रास्टही (स्कॅनआधी शिरेतून दिलेले औषध) बहुधा उमटत नाही. अहवालात मेंदूज्वर किंवा दाह लिहिला जाणे त्यामुळे समजण्यासारखे आहे. तीन किंवा अधिक खंड व्यापणाऱ्या अशा प्रकाराला पूर्वी ग्लायोमाटोसिस सेरेब्री म्हणत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार राहिला नाही, केवळ पसरण्याची पद्धत मानला गेला. आता नाव ठरते ते पेशींच्या जनुकीय तपासणीवरून, आणि तिच्यासाठी नमुना लागतोच. जुना व नवा एमआरआय शेजारी ठेवून पाहायला सांगा. एडीईएममधील डाग सहसा काही महिन्यांत विरतात. ते वाढत असतील तर थांबू नये.

उत्तर २ (गडहिंग्लज)
आमच्या मुलीची पहिली बायोप्सी अनिर्णित ठरली, कारण नमुना कडेचा आला होता. नमुना नेमका कुठून घेणार, हे आधी विचारा. स्पेक्ट्रोस्कोपीने (एमआरआयवरच होणारी, त्या भागातील रसायने मोजणारी तपासणी) जागा निवडायला मदत होते. पुढे आम्ही स्लाइड, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि एमआरआयची सीडी घेऊन महालक्ष्मी एक्स्प्रेसने परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. अहवालाच्या नुसत्या झेरॉक्सवर तिथे पुनर्तपासणी होत नाही, ब्लॉक मागून घ्या. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरण्याची सोय आहे, पण खोली लगेच मिळेल असे धरून चालू नका.

प्रश्नकर्ता
दोन्ही एमआरआय एकत्र पाहून घेतले. डाग डावीकडेही सरकला आहे. वडिलांना पडद्यावर दाखवल्यावर ते काही बोलले नाहीत, संमतीपत्रावर सही करणाऱ्या भाऊजींच्या शेजारी बसून राहिले.