मनपा शाळेला दप्तरं हवीत की संध्याकाळच्या वर्गाची ताई?

सांजवर्ग :
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वस्तीजवळच्या मनपा शाळेत एका कंपनीची गाडी आली. १२० दप्तरं, मागे बॅनर, फोटो, चहा-समोसा. परीक्षा तोंडावर आली होती. आपल्याकडे नागपुरात शाळा उघडते ती थेट जूनच्या शेवटी. तोवर वरच्या वर्गातली मुलं दाखला घेऊन गेली आणि नवी पहिली आली ती रिकाम्या पाठीनं.

त्याच महिन्यात आमच्या संध्याकाळच्या वर्गाच्या ताईचं मानधन थांबलं, कारण देणगीदार "पगाराला पैसे देत नाही". वर्ग अडीच महिने बंद राहिला. ३४ मुलांपैकी ११ परत आलीच नाहीत. त्यातली दोघं आता गॅरेजमध्ये आहेत, मी रोज बघते.

माझं म्हणणं एवढंच : वस्तू वाटणं बंद करा. वस्तीत काम करणाऱ्या माणसाचा पगार द्या, आणि निदान तीन वर्षं द्या.

बुटीबोरीकर :
ताई, मी कंपनीत अकाउंट्सला आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे आमच्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावीच लागते आणि त्याचा हिशेब द्यावा लागतो. दप्तराचं बिल असतं, ती मोजता येतात. वर्ग खरंच भरला, हे आम्ही कशावरून मानायचं? एका संस्थेला आम्ही दोन वर्षं पैसे दिले. शेवटी हजेरीपट मागवला तर सगळी पानं एकाच पेनानं, एका बैठकीत भरलेली. तेव्हापासून आमचे डायरेक्टर पगाराचं नाव काढू देत नाहीत. त्यात पुन्हा प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा.

ताळेबंद :
भाऊ, ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा थेट प्रकल्पाचा खर्च, तो त्यात येत नाही. हा गैरसमज मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आता चीड येते. लहान संस्था त्यापायी पगाराचा आकडा अर्जात लिहायलाच घाबरतात आणि मग तीच ताई दोन हजारांवर राबते.

आणि मार्चची घाई कायद्यानं लादलेली नाही. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केला, तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालवता येतो. उरलेली रक्कम ३० एप्रिलच्या आत वेगळ्या खात्यात टाकायची, बस्स. जानेवारीपर्यंत कोणी विचारच केलेला नसतो, म्हणून मार्चमध्ये दप्तरं आठवतात.

पोट्ट्यांची_माय :
दप्तराले नावं नका ठेवू ताई. माह्या पोराले त्याच वाटपात भेटलं, अजून वापरते तो. त्याचे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाली करते, पावसाळ्यात काम कमी राह्यते. चारशे रुपयाचं दप्तर म्हणजे आमच्या घरी लहान गोष्ट नाही.

पण खरं सांगू का? मोठीची आठवीची शाळा दूर पडली. ऑटोचे पैसे निघत नव्हते म्हणून ती पाच महिने घरी बसली. तवा कोणी इचारलं नाही, काय पायजे म्हणून. फोटो काढाले सगळे येते. इचाराले कोणी येत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापिका :
मी ३१ वर्षं शिकवलं आणि मला ही सगळी चर्चाच चुकीच्या जागी चाललेली वाटते. शिक्षक देणं हे सरकारचं काम आहे. पण सरकार देणगीदारांकडेच बघतंय : सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यानं दत्तक शाळा योजना आणली. मोठ्या (अ आणि ब वर्ग) महापालिकांच्या हद्दीत ५ वर्षांसाठी २ कोटींच्या, १० वर्षांसाठी ३ कोटींच्या वस्तू-सेवा दिल्या की देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडायची मुभा. कंपनीनं ताईचा पगार द्यायचा ठरवला, तर उद्या महापालिका रिकामी पदं भरेल का? तीन वर्षांनी कंपनी गेली की वस्तीनं कोणाकडे बघायचं?

दान नको, असं माझं म्हणणं नाही. याच नागपुरात १९२१ मध्ये कमलाताई होस्पेट या परिचारिकेनं बाळंतिणींसाठी मातृसेवा संघ उभा केला. पण तिथे काय करायचं हे काम करणाऱ्या बाईनं ठरवलं होतं, पैसे देणाऱ्यानं नाही.

सांजवर्ग :
मॅडम, पदं भरायलाच हवीत, त्यासाठी मी मोर्चात येईन. पण ती भरेपर्यंत ही ११ मुलं थांबत नाहीत हो.

आणि @पोट्ट्यांची_माय, तुमचं मला लागलं. वस्तू बंद करा, हे मी रागात लिहिलं, ते मागे घेते. तुम्हाला विचारायला हवं होतं, आणि त्यात मीही आले. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावे लागतात, निम्म्या बायका असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा त्या समितीनं करायचा, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. आमच्या शाळेत तो आराखडा कार्यालयातच भरला जातो, पालक फक्त सह्या करतात.

बुटीबोरीकर :
समितीचं सहीशिक्क्याचं पत्र आणा, ऑटोचे पैसे आणि ताईचं मानधन दोन्ही त्यात लिहा. मी ते मेमध्ये आमच्या सीएसआर समितीपुढे स्वतः ठेवतो. पण माझी अट कायम आहे : वर्ग कधीही, न कळवता बघायला येऊ. आणि भिंतीवर कंपनीचं नाव लागेल, वरचे लोक त्याशिवाय ऐकणार नाहीत.

निवृत्त_मुख्याध्यापिका :
वर्ग बघायला रोज या. नाव मात्र भिंतीवर नको.

पोट्ट्यांची_माय :
मीटिंग शनिवारी सकाळी ठेवा ताई. दुपारी मले कामावर जा लागते.